पोटातली काळी रेघ

डॅफ्नियाला काहीच लपवता येत नाही. गोड्या पाण्यातल्या या चिमुकल्या कवचधारी जिवाचं शरीर इतकं पारदर्शक असतं, की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा सगळा संसार उघडा पडतो. पाठीकडे धडधडणारं हृदय, त्यामागच्या पोकळीत दाटीवाटीने बसलेली अंडी आणि तोंडापासून शेपटाकडे वळत गेलेलं एकुलतं एक आतडं. हिरवं शेवाळ खाल्लं असेल तर आतडं हिरवं दिसतं, उपाशी असेल तर फिकट. कार्बनच्या नॅनोनळ्या मिसळलेल्या पाण्यात त्याला सोडलं, की थोड्याच वेळात ते आतडं या टोकापासून त्या टोकापर्यंत काळं होतं. जीव मेलेला नसतो. नेहमीसारखा टुणटुण उड्या मारत पोहत असतो. पोटात मात्र ठसठशीत काळी रेघ उमटलेली असते.

ही रेघ म्हणजे विषबाधा, की आज गिळलेलं आणि उद्या बाहेर पडणारं काहीतरी? जलचरांच्या विषशास्त्रातले संशोधक वीसेक वर्षं या प्रश्नाशी झुंजत आहेत. उत्तर एका वाक्यात मिळत नाही, आणि ते का मिळत नाही हेच समजून घेण्यासारखं आहे. कारण या प्रकरणात कार्बन एकटा क्वचितच दोषी ठरतो. त्याच्याबरोबर आलेलं द्रावक, त्याला चिकटून राहिलेला धातू, त्याच्यावर चढवलेला लेप, पाण्यात आधीपासून असलेली घाण आणि त्या दिवशी त्या जिवाला अन्न मिळालं होतं की नाही, या सगळ्यांचा त्यात हात असतो. मालाच्या कागदावर ‘कार्बन’ एवढंच लिहून हात झटकणं म्हणूनच धोक्याचं आहे.

कार्बन तसा सर्वांच्या ओळखीचा. काजळी, कोळसा, पेन्सिलीतलं ग्रॅफाइट, हिरा ही सगळी त्याचीच रूपं. त्यात नवी भर पडली १९८५मध्ये. अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात हॅरॉल्ड क्रोटो, रिचर्ड स्मॉली आणि रॉबर्ट कर्ल यांना कार्बनच्या साठ अणूंचा एक बंद, पोकळ गोळा सापडला. घुमट उभारणारे बकमिन्स्टर फुलर यांच्या नावावरून त्याला फुलरीन म्हणतात. १९९६मध्ये या तिघांना नोबेल मिळालं. त्याआधी १९९१मध्ये जपानच्या एनईसी कंपनीतले सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या एकात एक बसलेल्या सूक्ष्म नळ्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं. २००४मध्ये मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे थर सोलत सोलत एका अणूच्या जाडीचा पापुद्रा वेगळा केला. तो ग्राफीन. त्यांचं नोबेल २०१०चं. या इतिहासात मुंबईचंही एक पान आहे. १९९४मध्ये आयआयटी मुंबईत महेश्वर शरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चक्क कापरापासून फुलरीन मिळवल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. देवापुढे जळणाऱ्या कापरातून असा पदार्थ काढता येतो, हे जगाला मुंबईने सांगितलं.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एकपदरी नळीचा व्यास एखाददुसरा नॅनोमीटर असतो, बहुपदरी नळीचा काही दहा नॅनोमीटर. लांबी मात्र त्याच्या शेकडो-हजारो पट. या नळ्या पोलादाहून चिवट असतात, वजनाला हलक्या असतात आणि त्यांच्यातून वीज वाहते. म्हणून प्लास्टिक, रंग, खेळाचं साहित्य आणि आता मोठ्या प्रमाणावर लिथियम-आयन बॅटऱ्या यांत त्या मिसळल्या जातात. २०११च्या सुमारासच त्यांची जागतिक उत्पादनक्षमता वर्षाला काही हजार टनांवर गेली होती. शिवाय त्या न बनवताही बनतात. पॅरिसमधल्या दमेकरी मुलांच्या श्वासनलिकांतून घेतलेल्या नमुन्यांत अशा नळ्या सापडल्याचं २०१५मध्ये प्रसिद्ध झालं, आणि तशाच नळ्या तिथल्या गाड्यांच्या धुराड्यांतल्या काजळीतही होत्या. हवेत उडालेलं शेवटी पाण्यात येतं. पावसाने धुऊन येतं, गटारातून येतं, कारखान्याच्या सांडपाण्यातून येतं. आणि पाण्यात सगळ्यात आधी ते येतं पाणी गाळून जगणाऱ्या छोट्या जिवांच्या वाट्याला.

डॅफ्निया हे त्यातलं पहिलं गिऱ्हाईक. त्याच्या छातीच्या पायांवर बारीक केसांच्या जाळ्या असतात. पाय सतत हलत राहतात, पाणी आत ओढलं जातं, जाळीत अडकलेलं सगळं तोंडाकडे सरकवलं जातं. शेवाळाची पेशी आणि नळ्यांचा गठ्ठा यांच्यात निवड करण्याची त्याची कुवत फार कमी. आकाराने बसलं, की गिळलं. मासे पाळणारे लोक याच जिवाला पिल्लांचं खाद्य म्हणून ओळखतात. तळ्यात तो शेवाळ खाऊन पाणी स्वच्छ ठेवतो आणि स्वतः छोट्या माशांच्या पोटात जातो. नर नसतानाही मादी एकामागून एक पिल्लांच्या खेपा देत राहते, त्यामुळे प्रयोगशाळेत हवी तितकी, एकसारख्या वाणाची पिल्लं मिळतात. जगभरच्या रसायन-चाचण्यांत ‘डॅफ्निया मॅग्ना’ ही जात कित्येक दशकं राबते आहे, ती या सोयीमुळे.

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या, म्हणजे ओईसीडीच्या, क्रमांक २०२च्या चाचणीत जन्मून चोवीस तासही न झालेली पिल्लं रसायन मिसळलेल्या पाण्यात अठ्ठेचाळीस तास ठेवतात. मग भांडं अलगद हलवायचं. पंधरा सेकंदांत जे पिल्लू पोहत नाही ते निश्चल म्हणून मोजायचं. क्रमांक २११ची चाचणी एकवीस दिवस चालते. एकेका मादीला स्वतंत्र भांड्यात ठेवून तिने किती जिवंत पिल्लं दिली ते मोजायचं. पहिली चाचणी मरण मोजते, दुसरी जगण्याची प्रत. कार्बनच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा ठरला.

पण या सगळ्या प्रकरणाला तोंड फुटलं ते एका माशामुळे. मार्च २००४मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइम इथल्या अधिवेशनात ईवा ओबरडॉर्स्टर यांनी एक प्रयोग मांडला. त्या टेक्ससमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात होत्या. त्यांनी लार्जमाउथ बास माशाची पिल्लं लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम फुलरीन असलेल्या पाण्यात अठ्ठेचाळीस तास ठेवली होती. मासे जगले, पण त्यांच्या मेंदूतल्या स्निग्ध द्रव्यांचं ऑक्सिडीकरण झाल्याच्या खुणा दिसल्या. आणखी एक बारीकसं निरीक्षण त्यांनी नोंदवलं: फुलरीन असलेल्या टाक्यांतलं पाणी जास्त नितळ झालं होतं. म्हणजे पाण्यातल्या जिवाणूंवरही काहीतरी परिणाम होत असावा. बातमी जगभर गेली. नॅनोतंत्रज्ञानाबद्दल तोवर बहुतांश स्वप्नंच छापून येत होती. आता मेंदूला इजा झालेले मासे छापून आले.

मग हा प्रयोग इतरांनी खोदायला घेतला. फुलरीन पाण्यात विरघळत नाही. ते आधी टेट्राहायड्रोफ्युरान नावाच्या द्रावकात विरघळवायचं, त्यात पाणी घालायचं, मग द्रावक उडवून लावायचं, अशी रीत होती. द्रावक खरंच सगळं उडतं का? २००६मध्ये मिलवॉकीच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात सारा लव्हर्न आणि रिबेका क्लेपर यांनी डॅफ्नियावर दोन्ही प्रकारचं फुलरीन वापरून पाहिलं. द्रावकातून केलेल्या फुलरीनने लिटरमागे ०.४६ मिलिग्रॅमला निम्मे जीव मारले. ध्वनिलहरींनी पाण्यातच विखुरलेल्या फुलरीनला त्यासाठी ७.९ मिलिग्रॅम लागले. त्याच वर्षी ओबरडॉर्स्टर स्वतः ज्यात सहभागी होत्या त्या अभ्यासात फरक आणखी रुंदावला. द्रावकवाल्या फुलरीनचा आकडा ०.८ मिलिग्रॅम, नुसतं पाण्यात दिवसेंदिवस ढवळून केलेल्या फुलरीनने ३५ मिलिग्रॅमलाही निम्मे डॅफ्निया मेले नाहीत. पुढच्या वर्षी टेनेसी विद्यापीठातल्या थिओडोर हेन्री यांच्या गटाने झेब्राफिशच्या अळ्यांवर उलट बाजूने प्रयोग केला. फुलरीन न घालता, नुसतं द्रावक त्याच रीतीने वापरलेलं पाणी अळ्यांना दिलं. त्यांचे हाल तसेच झाले. द्रावकाच्या विघटनातून तयार झालेलं गॅमा-ब्युटिरोलॅक्टोन त्या पाण्यात सापडलं.

इथे काही लोकांनी निःश्वास टाकला: चला, फुलरीन निर्दोष. हा निष्कर्ष घाईचा होता. पाण्यात ढवळलेल्या, द्रावकरहित फुलरीनमध्ये डॅफ्नियाला एकवीस दिवस ठेवल्यावर लिटरमागे २.५ आणि ५ मिलिग्रॅमला त्यांनी कात उशिरा टाकली आणि पिल्लं कमी दिली, हेही ओबरडॉर्स्टर यांच्याच गटाने २००६मध्ये दाखवलं. कात टाकल्याशिवाय डॅफ्निया वाढत नाही, आणि पिल्लांची पुढची खेप कात टाकण्याशी जोडलेली असते. म्हणजे अठ्ठेचाळीस तासांच्या परीक्षेत पास झालेला पदार्थ एकवीस दिवसांच्या परीक्षेत नापास झाला. तळ्यातल्या डॅफ्नियाची संख्या मरण्याने जशी घटते तशी न जन्मण्यानेही घटते. माशाच्या पिल्लांना दोन्हींचा अर्थ एकच: पोटाला कमी.

मिलवॉकीच्या गटाने पुढे वागणूकही टिपली. २००७मध्ये लव्हर्न आणि क्लेपर यांनी, रूडी स्ट्रिकलर यांच्यासोबत, एकेका डॅफ्नियाला कॅमेऱ्यासमोर ठेवून उड्या, पायांची हालचाल आणि हृदयाचे ठोके मोजले. फुलरीन आणि त्यापासून केलेल्या एका संयुगाच्या सान्निध्यात उड्यांची आणि पायांच्या हालचालींची लय बदलली. टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणांनी तसा बदल झाला नाही. उडी मारणारा डॅफ्निया माशाच्या डोळ्यात भरतो. नुसती हालचाल बदलणं म्हणजे मरण नव्हे, पण शिकाऱ्यांनी भरलेल्या तळ्यात ती चैन परवडत नाही.

नळ्यांची गोष्ट वेगळी, आणि काही अंगांनी जास्त बोलकी. २००७मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या क्लेम्सन विद्यापीठात एरन रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी एकपदरी नळ्यांवर लायसोफॉस्फोलिपिडचा, म्हणजे एका स्निग्ध पदार्थाचा, लेप दिला. त्यामुळे एरवी पाण्याला न जुमानणाऱ्या नळ्या पाण्यात छान पसरल्या. त्यात डॅफ्निया सोडले. पहिल्या काही तासांत आतडी काळी झाली. मग एक गंमतशीर आणि चिंताजनक गोष्ट घडली. डॅफ्नियांनी लेप पचवला. अन्नच होतं ते त्यांच्यासाठी. लेप उतरलेल्या उघड्यावाघड्या नळ्या पाण्यात टिकेनात. त्यांचे गठ्ठे होऊन ते तळाशी बसू लागले आणि काही जिवांच्या अंगालाही चिकटले. तीव्र विषबाधा फक्त सगळ्यात जास्त मात्रेला झाली. पण या प्रयोगाने एक गोष्ट कायमची पक्की केली: कारखान्यातून बाहेर पडलेला पदार्थ आणि जिवाच्या पोटातून बाहेर पडलेला पदार्थ एकच राहत नाही. नदीत काय चाललं आहे हे कारखान्याच्या दारातल्या नमुन्यावरून कळणार नाही.

गिळलेलं बाहेर पडतं का, याचं उत्तर द्यायला नळ्यांचा माग काढता यायला हवा. कार्बनने भरलेल्या शरीरात कार्बन शोधणं सोपं नाही. मिशिगन विद्यापीठातल्या एलायजा पीटरसन यांनी त्यावर तोडगा काढला. किरणोत्सारी कार्बन-१४ वापरूनच नळ्या बनवायच्या. मग शरीरातला प्रत्येक किरण सांगेल की नळी इथे आहे. २००९मध्ये त्यांनी आणि फिनलंडमधल्या योएन्सू विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी हे डॅफ्नियावर केलं. नळ्या भराभर आत गेल्या. मग डॅफ्नियांना स्वच्छ पाण्यात हलवलं. नळ्या जवळजवळ बाहेर पडल्याच नाहीत. त्याच स्वच्छ पाण्यात शेवाळ घातलं तेव्हा त्यातला काही भाग बाहेर निघाला. खाल्लं, की मागचं पुढे सरकलं. उपाशी जिवाच्या पोटात मात्र तो गुंता न्हाणीघराच्या जाळीत अडकलेल्या केसांसारखा बसून राहिला. याच गटाने गांडुळांवर आणि गाळात राहणाऱ्या काळ्या कृमींवर केलेल्या अभ्यासात नळ्या शरीरात फारशा साठल्या नाहीत. माती खाणाऱ्या जिवांच्या आतड्यातून माल सतत वाहत असतो, बहुधा म्हणून.

डॅफ्नियाच्या बाबतीत यातून निघणारी गोष्ट साधी पण महत्त्वाची आहे. प्रमाणित अठ्ठेचाळीस तासांच्या चाचणीत पिल्लांना खायला देत नाहीत. अन्नाने चाचणीच्या रसायनाचा हिशेब बिघडतो म्हणून तसा नियम आहे. विरघळणाऱ्या विषासाठी तो योग्यच. पण आतडं तुंबवणाऱ्या पदार्थासाठी उपाशी पोट हाच निकाल बदलणारा घटक आहे. चाचणी आखताना कुणाच्या डोक्यातही नव्हती अशी ही अडचण नव्या पदार्थाने समोर आणली.

आणि काळ्या आतड्यातून नळ्या शरीरात शिरतात का? सुरुवातीला काही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकी चित्रांत ऊतींमध्ये काळे धागे दिसत होते, आणि त्यांना नळ्या म्हणावं असा मोह होत होता. क्लेम्सनच्या अ‍ॅरन एडिंग्टन आणि स्टीफन क्लेन यांच्या गटाने २०१४मध्ये उच्च क्षमतेच्या सूक्ष्मदर्शकाने आणि इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनाने ते धागे तपासले. नळीची रचना त्यात नव्हती. नळ्या आतड्यातच होत्या, ऊतींमध्ये गेलेल्या दिसल्या नाहीत. शास्त्राची ही शिस्त कौतुकाची आहे, कारण इथे भीती वाढवणारं चित्र हातात होतं आणि तरीही ते बाजूला ठेवलं गेलं. दिलासा मात्र अर्धाच मिळतो. आतड्यात अडकलेला काळा गठ्ठा भिंत ओलांडत नसेल, अन्नाची जागा तर अडवतोच.

ग्राफीनने याच चित्रात एक अस्वस्थ करणारी भर घातली. नानजिंग विद्यापीठातल्या ल्यांग माओ यांच्या गटाने, पीटरसन यांच्या सहकार्याने, कार्बन-१४ असलेलं ग्राफीन डॅफ्नियाला दिलं आणि निष्कर्ष २०१३मध्ये प्रसिद्ध केले. लिटरमागे पाव मिलिग्रॅम ग्राफीन असलेल्या पाण्यात चोवीस तासांत ते डॅफ्नियाच्या कोरड्या वजनाच्या जवळजवळ एक टक्का झालं. शेवाळ किंवा कुजलेल्या पाचोळ्यातून येणारं ह्युमिक आम्ल घातल्यावर ते बाहेर पडायला मदत झाली. पण ग्राफीनमध्ये राहिलेल्या मादीच्या पिल्लांतही किरणोत्साराची नोंद मिळाली. आईच्या पोटातून ते आलं, की अंडी वाढतात त्या पोकळीत शिरणाऱ्या पाण्यातून, हा पुढचा प्रश्न. पिल्लाने जन्मताच तो वारसा घेतला होता, एवढं खरं.

आता धातूकडे. नळ्या वाढवायला उत्प्रेरक लागतो: लोह, कोबाल्ट, निकेल. माल तयार झाल्यावरही त्याचे कण नळ्यांच्या टोकांत, पदरांत अडकून राहतात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या मिझुरीतल्या कोलंबिया इथल्या प्रयोगशाळेत जोसेफ म्वांगी आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये डॅफ्निया सोडून तळाशी राहणाऱ्यांकडे मोर्चा वळवला. ‘हायलेला’ नावाचा कोळंबीच्या गोतातला छोटा जीव, मत्स्यालयवाल्यांच्या दुकानात ‘ब्लडवर्म’ म्हणून मिळणाऱ्या लाल अळ्यांच्या जातीतली एक अळी, काळा कृमी आणि गोड्या पाण्यातला शिंपला. चौदा दिवस. लिटरमागे एक ग्रॅम नळ्या, म्हणजे नदीत कधी दिसणार नाही एवढी प्रचंड मात्रा. हे सांगितलंच पाहिजे. या मात्रेला जगण्याचं किंवा वाढीचं प्रमाण घटलं. आम्लाने धुतलेल्या आणि न धुतलेल्या मालात फरक पडला. पाण्यात सुटलेलं निकेल विषारी ठरलं, पण धातू काढून टाकलेल्या नळ्याही निरपराध ठरल्या नाहीत. त्याआधी २००६मध्ये दक्षिण कॅरोलायना विद्यापीठात खाडीतल्या कोपेपॉड नावाच्या एका बारीक कवचधारी जिवावर असाच धडा मिळाला होता. शुद्ध केलेल्या एकपदरी नळ्यांनी फारसं काही केलं नाही. जसा तयार झाला तसा माल मात्र मारक ठरला, आणि दोष गेला नळ्या बनवताना उरलेल्या कार्बनच्या बारीक तुकड्यांकडे.

शिंपल्यांवर इथे थोडं थांबायला हवं. गोड्या पाण्यातला शिंपला दिवसभर पाणी गाळत असतो, हलत नाही आणि वर्षानुवर्षं जगतो. त्याची अळी माशाच्या कल्ल्याला चिकटून वाढते. गाळात जे बसलं ते त्याच्या वाट्याला येतं, पाण्यात जे तरंगलं तेही. महाराष्ट्राच्या नद्यांत ‘लॅमेलिडेन्स’ वंशाचे शिंपले आहेत, आणि नदीकाठची माणसं ते वेचून खातात. धातू, कीटकनाशकं, काजळी यांपैकी जे काही या शिंपल्यांत साठतं ते शिंपल्यापाशी थांबत नाही.

नदीत नळ्या तळाशी बसून जातील, म्हणजे प्रश्न मिटला, असा एक युक्तिवाद सुरुवातीला होता. साध्या पाण्यात त्या खरंच झटपट खाली बसतात. अटलांटाच्या जॉर्जिया टेक संस्थेतल्या हून ह्युंग, जेहाँग किम आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये त्या सुवानी नदीच्या पाण्यात टाकल्या. ओकेफेनोकीच्या दलदलीतून निघणारी ही नदी कुजलेल्या पानापाचोळ्याने चहाच्या रंगाची असते. त्या पाण्यातल्या नैसर्गिक सेंद्रिय पदार्थांनी नळ्यांना वेढलं आणि त्या महिन्याहून अधिक काळ पाण्यात तरंगत राहिल्या. प्रयोगशाळेतल्या साबणासारख्या रसायनालाही एवढं जमलं नव्हतं. पाचोळ्याचं पाणी हा काही अमेरिकेचा मक्ता नाही. पहिल्या पावसानंतर सह्याद्रीतल्या ओढ्यांचं पाणी पाहिलेल्या कुणालाही तो रंग ओळखीचा आहे.

पाण्यात आधीच असलेल्या घाणीशी हा कार्बन कसा वागतो, हा स्वतंत्र विषय आहे. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात आंदर्स बाउन यांच्या गटाने २००८मध्ये फुलरीनसोबत वेगवेगळे प्रदूषक देऊन पाहिले. डांबर आणि डिझेलच्या धुरात असणारं फेनँथ्रीन फुलरीनच्या गोळ्यांना मोठ्या प्रमाणात चिकटलं, आणि तरीही शेवाळाला आणि डॅफ्नियाला ते अधिक घातक ठरलं. पेंटाक्लोरोफेनॉल मात्र फुलरीनच्या सोबतीने सौम्य झालं. एकाच कार्बनने एका विषाला पाठीवर बसवून आत नेलं, दुसऱ्याला धरून ठेवलं. कोणता प्रदूषक सोबत आहे हे पाहिल्याशिवाय ‘कार्बन पाणी शुद्ध करतो’ किंवा ‘कार्बन विष वाहतो’ यांपैकी काहीही म्हणणं चूक.

मग आज नद्यांत हे किती आहे? स्वित्झर्लंडच्या एम्पा संस्थेतल्या फादरी गॉटशाल्क आणि बेर्न्ड नोव्हॅक यांनी २००९मध्ये उत्पादन, वापर आणि कचऱ्याच्या आकड्यांवरून हिशेब मांडला. युरोपच्या नद्या-तळ्यांत कार्बन नळ्यांचं प्रमाण लिटरमागे ०.००४ नॅनोग्रॅमच्या आसपास निघालं. डॅफ्नियाला एक मिलिग्रॅमचा त्रास होतो असं धरलं, तर ही मात्रा त्याच्या २५ कोटीव्या भागाएवढी भरते. हा आकडा लपवून भीती घालणं अप्रामाणिकपणा होईल. पण तो सरासरीचा हिशेब आहे, आणि तोही त्या काळच्या उत्पादनावरचा. जीव सरासरीत राहत नाहीत. ते एखाद्या विशिष्ट नाल्याच्या तोंडाशी राहतात. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१०मध्ये कातालोनियातल्या सांडपाणी प्रकल्पांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यातल्या तरंगत्या कणांत प्रत्यक्ष फुलरीन मोजलं आणि काही ठिकाणी ते लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या पातळीवर भरलं. ते कारखान्यातलं, की धुरातलं, हे मोजमाप सांगत नाही. जिवाला त्याने फरकही पडत नाही.

नियमांच्या जगाने हा विषय उशिरा पण गांभीर्याने घेतला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८मध्येच जाहीर केलं, की कार्बन नळ्या म्हणजे ग्रॅफाइट नव्हेत. त्या नवं रसायन म्हणून नोंदवाव्या लागतील. एका विशिष्ट बहुपदरी नळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४मध्ये माणसाला कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत घातलं. तो प्रश्न फुप्फुसांचा, अ‍ॅस्बेस्टॉसच्या अंगाने जाणारा. स्वीडनमधल्या केमसेक संस्थेने २०१९मध्ये कार्बन नळ्या आपल्या ‘बदलून टाकाव्यात’ अशा रसायनांच्या यादीत घेतल्या. ओईसीडीने २०२०मध्ये नॅनोपदार्थांच्या जलचर-चाचण्यांसाठी क्रमांक ३१७चं मार्गदर्शन काढलं. पदार्थ पाण्यात कसा पसरवला, चाचणीभर तो तरंगत राहिला की बसला, शेवाळावर सावली पडली का, हे सगळं त्यात नोंदवायला सांगितलं आहे. सावलीचा मुद्दा पुस्तकी नाही. झुरिचच्या फाबिएन श्वाब यांनी २०११मध्ये दाखवलं होतं, की नळ्यांनी शेवाळाची वाढ खुंटते ती बरीचशी अंधार पडल्याने आणि गठ्ठ्यात अडकल्याने.

भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने २०२०मध्ये शेती आणि अन्नातल्या नॅनोपदार्थांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. पण पाण्यातल्या जिवांच्या बाबतीत आपल्याकडे एक मूलभूत अडचण आहे. जगातली बहुतेक माहिती ‘डॅफ्निया मॅग्ना’ची, आणि तीही १८ ते २२ अंश सेल्सिअसच्या पाण्यातली. मे महिन्यात मराठवाड्यातल्या डबक्याला हे तापमान ठाऊक नाही. तिथे ‘मॉइना’, ‘सिरिओडॅफ्निया’ असे डॅफ्नियाचे चुलत भाऊबंद राहतात, आकाराने आणखी लहान, आयुष्य आणखी घाईचं. गढूळ पावसाळी पाण्यात आणि आटत चाललेल्या उन्हाळी पाण्यात एकच पदार्थ दोन तऱ्हांनी वागेल. या जिवांचे आकडे परदेशातून मागवता येत नाहीत. ते इथेच काढावे लागतील.

ते काढण्याची क्षमता पुण्यात आहे, याचा पुरावा हायड्राच्या रूपाने समोर आहे. आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी यांच्या प्रयोगशाळेने पुण्यात मिळालेल्या हायड्राचं शास्त्रीय वर्णन करून तिला ‘हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे’ अशी ओळख दिली. हायड्रा म्हणजे पाणवनस्पतीला चिकटून राहणारा नळीसारखा छोटासा जीव, वर शुंडकांचा झुबका. हिचे तुकडे केले तर प्रत्येक तुकडा पुन्हा पूर्ण जीव होऊ शकतो. विषारी पाण्यात हायड्रा पायरी-पायरीने कळवते: आधी शुंडकांची टोकं गोळा होतात, मग शुंडकं आखूड होतात, मग शरीर आक्रसतं, शेवटी विरघळून जातं. प्रत्येक पायरी सूक्ष्मदर्शकातून मोजता येते. नॅनोपदार्थांच्या विषारीपणासाठी हायड्रा उपयोगी पडते, हे तिरुचिरापल्ली आणि पुण्याच्या संशोधकांनी तांब्याच्या ऑक्साइडच्या नॅनोकांड्यांवर २०१६मध्ये दाखवलंही आहे. कार्बनसाठी तोच मार्ग मोकळा आहे, आणि कापरापासून फुलरीन बनवणाऱ्या राज्यात तो कुणी चालावा, अशी अपेक्षा वावगी नाही.

घाई करण्याचं कारण बॅटऱ्या आहेत. विजेवर चालणाऱ्या दुचाकींच्या आणि मोटारींच्या जुन्या बॅटऱ्या येत्या वर्षांत मोठ्या संख्येने निकालात निघतील. भारतात २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी त्या गोळा करून त्यातला माल परत मिळवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. बॅटरी फोडून, दळून जी भुकटी मिळते तिला धंद्यात ‘ब्लॅक मास’ म्हणतात. लिथियम, निकेल, कोबाल्टसाठी तिला किंमत आहे. ग्रॅफाइटबरोबर, ज्या बॅटऱ्यांत वापरल्या असतील त्यांतल्या नळ्याही तिच्यातच असतात, आणि त्या नळ्यांना निकेलची सोबत असते. अशा कारखान्याच्या धुवणाच्या पाण्याची चाचणी करायची तर फार मोठी यंत्रणा लागत नाही. जवळच्या नाल्याचं पाणी, जवळच्याच तळ्यातून आणलेले मॉइना, खायला शेवाळ, आणि अठ्ठेचाळीस तासांवर न थांबता पिल्लांच्या तीन-चार खेपांपर्यंत मोजदाद. एखाद्या महाविद्यालयाचा प्राणिशास्त्र विभाग, एखादी जिल्हा प्रयोगशाळा हे काम करू शकते. आतडं काळं झालं का, ते तर साध्या सूक्ष्मदर्शकाखाली लगेच दिसेल. कात वेळेवर पडली का आणि पिल्लं किती झाली, यासाठी रोज भांड्यापाशी बसावं लागेल.